दोन वाजेपर्यंत

“आज दोघांपैकी एकाचा तरी भोपळा फुटणार बघ,” नाडगौडा काका खुर्ची ओढत म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मला हसू आलं नाही. चार फेऱ्या होऊन गेल्या होत्या आणि एकही गुण नसलेली दोनच माणसं त्या अख्ख्या स्पर्धेत उरली होती. एक मी आणि एक ते. मिरजेतल्या एका मंगल कार्यालयात सामने होते. पहिली टेबलं स्टेजवर, जिथं नवरा-नवरी बसतात तिथं. आमचं टेबल पार मागं, भटारखान्याच्या दाराशी. आदल्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं भिंतीवर तशीच होती, आणि आतून कुणीतरी पातेली घासत होतं.

“तुझं नाव काय गं बाळ?”

“सुनेत्रा मगदूम. जयसिंगपूर.”

“मगदूमांची होय. अण्णा मगदूमांची! मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे ना त्यांचं? ते काय, दोरीपलीकडं उभे आहेत. आमच्याकडं बघतायत की तुझ्याकडं?”

“माझ्याकडं,” मी म्हणाले. मागं वळून बघायची मला गरज नव्हती.

काका मिरजेचेच. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले. बुद्धिबळाच्या वर्तुळात त्यांना सगळे ओळखायचे, ते जिंकायचे म्हणून नव्हे, तर त्यांचं अक्षर बघायला लोक टेबलापाशी थांबायचे म्हणून. आम्ही सगळे डावाची नोंद इंग्रजीत खरडायचो. काका मराठीत लिहायचे. घोड्याला ‘घो’, हत्तीला ‘ह’, आणि अक्षर असं की छापलंय वाटावं.

त्यांनी पेन उघडलं, उजव्या हाताची बोटं दोन-तीनदा उघडमीट केली आणि म्हणाले, “सकाळपासनं मुंग्या येतायत मेल्या. रात्री हात उशीखाली दबला असणार. चल, होऊ दे सुरू.”

मी घड्याळ दाबलं. साडेदहा वाजले होते.

आता माझ्याकडं क्लासला मुलं येतात. त्यांचे आईबाप हटकून विचारतात, मॅडम, आमचा सारखा हरतोय, तुम्ही तुमच्या वेळी यातनं कशा बाहेर आलात? त्यांना कुठंतरी वाचून माहीत असतं की मी वीस वर्षांची असताना सलग अकरा डाव हरले होते. मी सांगते, झोप पूर्ण घेऊ द्या, ओपनिंग बदला, हरलेले डाव चार दिवस बघूच नका. हे सगळं बरोबरच आहे. मी मात्र तशी बाहेर आले नव्हते.

त्या अकरातला पहिला डाव साताऱ्याचा. समोर नऊ-दहा वर्षांची एक बारकी पोरगी होती. बुद्धिबळात नियम असा, की सोंगटीला हात लागला की तीच खेळायची. घरात वाकडी बसलेली सोंगटी नुसती सरळ करायची असेल, तर आधी ‘सारखं करतो’ म्हणायचं आणि मगच हात लावायचा. आमच्या भागात हाच शब्द. तर त्या पोरीनं हत्तीला हात लावला, मग तिच्या लक्षात आलं की हत्ती फुकट जातोय, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “सारखं करत होते.” ती आधी काही बोलली नव्हती. मला माहीत होतं. पण इवलंसं तोंड झालेलं बघून मी म्हटलं, असू दे. तिनं मला हरवलं.

अण्णा त्या वेळी काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात मी कराडला एक डाव हरले, मग इचलकरंजीला तीन, सोलापूरला दोन, आणि इथं मिरजेत चार. प्रत्येक वेळी जिंकत आलेला डाव शेवटी हातातनं जायचा. ओळखीचे लोक माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले, मयताच्या घरी बोलतात तसे.

त्या दिवशी सकाळी एसटीतच अण्णांनी तोंड उघडलं.

“अकरा झाले. टीम पूर्ण झाली. आता बारावा गडी घेऊ नकोस.”

“मी मुद्दाम हरते काय?”

“तू तोंडाकडं बघतीस. समोरच्याच्या तोंडाकडं. साताऱ्याला बघितलंस आणि तिथनं हे लागलंय तुझ्या मागं. किती वेळा सांगितलं, हात लावला की खेळायचं. समोर मी बसलो असलो तरी! तोंड बघायचं नाही. पट बघायचा.”

मी खिडकीकडं तोंड केलं.

“आज एक गुण आण. कसा ते मला सांगू नकोस. नाही आला, तर संध्याकाळी पट माळ्यावर, आणि जूनपासनं बेळगावला मावशीकडं. डी.एड. कर.”

अण्णा बोलले की बोलले. मला डी.एड.ची भीती नव्हती, मी काय तिथंही जगले असते. पण पटासमोर बसले की मी कुणीतरी होते. तो पट काढून घेतला तर बी.कॉम.ला एकदा गटांगळी खाल्लेली, दुकानात तारेची रिळं मोजणारी एक मुलगी, एवढंच माझं शिल्लक राहणार होतं. मला तो गुण हवा होता. त्या दिवशी माझ्याइतका तो कुणालाच हवा नसेल.

पहिला तासभर काकांनी मला छान झोडपलं. म्हातारा चार डाव हरला कसा, कळेना. त्यांचा वजीर मधोमध उभा, पुढं घोडा, आणि माझा राजा कोपऱ्यात अडकलेला. मी घामाघूम झाले होते. वरचा पंखा नुसताच कुरकुरत होता. मेमधला मिरजेचा उकाडा, त्यात भटारखान्याची वाफ.

काकांनी चहा मागवला. कप त्यांनी उजव्या हातानं उचलला, तोंडाला लावला, आणि चहा ओठाच्या कडेनं सदऱ्यावर सांडला. त्यांनी खाली बघितलं. आश्चर्य वाटल्यासारखं बघितलं. मग कप ठेवताना त्यांचा हात पटावर गेला आणि बोटं घोड्यावर पडली.

पडली म्हणजे धरला नव्हता त्यांनी. बोटं नुसती पडली त्याच्यावर. घोडा कलंडला. काकांनी तो धरायचा प्रयत्न केला आणि तोंड उघडलं.

“सा… ख… क…”

मी ऐकलं. काय म्हणायचं होतं तेही कळलं. तो घोडा हलला की मागचा वजीर उघडा पडत होता, आणि माझा उंट त्याच्यावर रोखलेला होता.

मी मान वर केली नाही. हात वर केला.

पंच कुरणे सर सावकाश चालत आले. “काय झालं?”

“घोड्याला हात लावलाय,” मी पटाकडं बघतच म्हणाले.

“काका, आधी ‘सारखं करतो’ म्हणालात?”

काका काही बोलले नाहीत. मला त्यांचे फक्त हात दिसत होते. उजवा हात टेबलाच्या कडेला पालथा पडला होता. डावा हात वर आला, हवेत थोडा हलला.

“तू काही ऐकलंस?” सरांनी मला विचारलं.

“नाही. काही बोलले नाहीत.”

सर जरा घोटाळले. काका खरं बोलणारा माणूस, हे त्यांनाही माहीत होतं. “काका, काही म्हणायचंय का?”

काकांचं खोकल्यासारखं काहीतरी झालं, हसणंही असेल. मग त्यांनी डाव्या हातानं घोडा उचलला आणि एका घरात ठेवला. कुठल्याही. सरांनी ते भांडण मिटलं असं धरलं आणि ते पुढच्या टेबलाकडं गेले.

मी वजीर मारला. नोंदीच्या कागदावर खेळी लिहिली आणि शेजारी वेळ लिहिली, कारण तशी मला सवयच होती. अकरा पन्नास.

समोर त्यांचा कागद मला उलटा दिसत होता. सतराव्या खेळीपर्यंत मोती. अठराव्या खेळीचा ‘घो’ ओळीच्या खाली घसरला होता. त्याच्यापुढं काही अक्षर नव्हतं, नुसत्या रेघा होत्या.

मी ते बघितलं. आज कुणी विचारलं तर मी म्हणू शकते, वीस वर्षांची पोर, तिला काय कळणार? कळलं होतं. काय झालंय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं पक्कं कळलं होतं. मागं वळून सरांना एक हाक मारायची होती फक्त. मी दोरीकडं बघितलं. अण्णांनी वजीर पडलेला बघितला होता. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झाला होता. त्यांनी दोन बोटांनी मला खूण केली: पट बघ.

मी पट बघितला.

त्यानंतर काका डाव्या हातानं खेळले. वजीर गेलेला माणूस एरवी दोन-चार खेळ्यांत डाव सोडतो. काका सोडेनात. मला राग यायला लागला. म्हटलं, म्हातारा घोड्याचा सूड काढतोय, मुद्दाम ताणतोय. खेळ्याही कसल्या, प्यादं एक घर पुढं, राजा एक घर मागं.

साडेबाराच्या सुमाराला त्यांचा डावा हात पटावरनं माझ्याकडं आला. पंजा उघडा, माझ्या दिशेला. काहीतरी पुटपुटले.

बुद्धिबळात पटावरनं हात पुढं येतो तो दोनच वेळा. एक तर मी हरलो म्हणायला, नाहीतर बरोबरी करूया म्हणायला. डाव सोडायचा तर माणूस राजा आडवा करतो, घड्याळ थांबवतो. काकांनी तसलं काहीच केलं नाही. म्हणजे बरोबरी मागतायत. वजीर घालवून बरोबरी! काय पण माणूस, म्हटलं. मी जोरात मान हलवली. नाही.

हात तसाच राहिला. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. नखांत निळा रंग होता, चित्रांचा असावा. बोटं थोडी हलली, बोलावल्यासारखी. मी परत मान हलवली आणि घड्याळ त्यांच्याकडं सरकवलं. तेव्हा हात मागं गेला.

एक वाजल्यानंतर त्यांनी खेळीच केली नाही. खेळी त्यांची, घड्याळ त्यांचं चालू, आणि ते बसलेले. आजूबाजूची टेबलं रिकामी व्हायला लागली. येणारे-जाणारे पटाकडं बघायचे, “काका विचारात गढलेत” म्हणायचे आणि पुढं जायचे. बुद्धिबळाच्या हॉलमध्ये तासभर न हलणारा माणूस कुणाला खटकत नाही. मी उठून पाणी पिऊन आले, तोंड धुऊन आले. येताना माझी नजर चुकून त्यांच्यावर गेली. ते माझ्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होते. तोंडाची एक बाजू खाली आली होती, आणि त्या बाजूनं लाळ गळत होती.

मी बसले. दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि काट्याकडं बघत राहिले.

दोनला घड्याळाचा झेंडा पडला. “वेळ संपली,” मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला. कुरणे सर आले, घड्याळ थांबवलं, काकांचा कागद उचलला आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवला. “चला काका, जेवायला चला.”

काका उठले. उजवा पाय आलाच नाही त्यांच्याबरोबर. खुर्चीसकट ते खाली गेले.

मग एकच गलका. कुणी पाणी मारतंय, कुणी कांदा आणा म्हणतंय, “उकाड्यानं भोवळ आली” असं कुणीतरी ठरवूनही टाकलं. चौघांनी उचलून रिक्षात घातलं. सरांनी त्यांच्या खिशातल्या डायरीतनं मुलीचा नंबर काढून तिला फोन केला. मी भिंतीला टेकून उभी होते. अण्णा शेजारी आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी! ते म्हणाले, “फुटला बाई एकदाचा.”

आनंद झाला. खोटं कशाला बोलू? छातीवरचा धोंडा उतरला होता. मी जेवले. दोन वाट्या आमटी प्याले.

तीनच्या सुमाराला सरांनी मला पंचांच्या टेबलापाशी बोलावलं. अण्णाही आले. पुढच्या फेरीची यादी अर्धी लिहून झालेली होती, पण आमच्या टेबलाचा निकाल त्यांनी लिहिला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“काकांना हॉस्पिटलात पोचवायला गेलेला माणूस परत आलाय. अर्धांगाचा झटका म्हणतायत. सुनेत्रा, मला एक नीट सांग. तो घोड्याचा प्रकार झाला, तेव्हा ते बरे होते ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे त्यांनी बोलायचा प्रयत्न केला आणि त्यांना बोलता आलं नाही, असं तर नाही ना झालं? तसं असेल तर तो निर्णय चुकीचा आहे. मला निकाल वेगळा लावावा लागेल. मी तो अजून लावलेला नाही.”

“अहो सर, असं कसं,” अण्णा म्हणाले. “झेंडा पडला की. सगळ्यांनी बघितलाय.”

“अण्णा, मी तिला विचारतोय.”

टेबलावर डावांच्या कागदांचा गठ्ठा होता. वरच काकांचा कागद. सतरा ओळी मोत्यांच्या आणि खाली रेघा. सरांनी तो वाचला नव्हता; झेंड्यावर संपलेला डाव कोण वाचत बसतो. नजर एकदा खाली गेली असती तरी पुरे होतं. माझा कागद माझ्या हातात होता, सही करून द्यायचा राहिलेला. मी सही केली आणि तो त्या कागदावर ठेवला.

“बरे होते,” मी म्हणाले.

तेवढ्यात सरांचा मोबाईल वाजला. ते “हो, हो” म्हणाले, “ती इथंच आहे” म्हणाले आणि मोबाईल माझ्याकडं दिला. “त्यांची मुलगी आहे. वसुधा. तिला काहीतरी वेळ हवीय.”

मी तो कानाला लावला. पलीकडं बाई पळत आल्यासारखी बोलत होती.

“तू समोर बसली होतीस ना बाबांच्या? ऐक, डॉक्टर विचारतायत, बाबा नीट बोलत होते, हात नीट हलत होता, असं शेवटचं कधी बघितलंस? वेळ हवीय त्यांना. घड्याळाची. गुठळी विरघळायचं एक इंजेक्शन आहे, पण ते कधी सुरू झालं हे कळल्याशिवाय देता येत नाही म्हणतात. तीन तासांच्या आत असेल तरच. सांग ना गं!”

मला वेळ माहीत होती. त्या सबंध मिरजेत फक्त मलाच माहीत होती, मिनिटासकट, माझ्याच अक्षरात लिहिलेली. कुरणे सर माझ्याकडं बघत होते. त्यांच्या हातात पेन होतं. अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, ते यादीतल्या रिकाम्या चौकोनाकडं बघत होते.

“हॅलो? ऐकू येतंय ना?”

“हो,” मी म्हणाले. “दोन वाजेपर्यंत बरे होते.”

“दोन? नक्की?”

“डाव संपला तेव्हा दोन वाजले होते. तोपर्यंत नीट होते. बोलत होते. उठले आणि एकदम पडले.”

“देवासारखी भेटलीस गं,” ती म्हणाली, आणि लांब कुणाला तरी ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, “दोन! दोन वाजता!” मग आवाज बंद झाला.

मी मोबाईल परत दिला. सरांनी यादीत माझ्या नावापुढं एक लिहिला आणि काकांच्या नावापुढं शून्य. ते म्हणाले, “देव करो आणि वाचो म्हातारा.” अण्णा म्हणाले, “वाचणार की. वेळेत नेलंय.”

त्या स्पर्धेतले उरलेले चारही डाव मी जिंकले. कसलीच अडचण आली नाही. समोर कोण बसलंय, पुरुष की बाई, हे सुद्धा मी बघत नव्हते. शेवटच्या दिवशी कुरणे सर म्हणाले, “पोरगी सुटली.” काका दोन दिवसांपूर्वीच गेल्याचं त्यांनी त्याच वेळी सांगितलं. सगळे एक मिनिट उभे राहिले, मग बक्षिसं वाटली.

वसुधाताई जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी आली. मी पटावर डाव लावून बसले होते. चाळिशीची बाई, हातात नुसती पर्स. एसटीनं आली होती. आईनं चहा टाकला. अण्णा दुकानातनं आले आणि दारातच उभे राहिले.

“काल-परवा सगळे दिवस झाले,” ती म्हणाली. “म्हटलं, तुला भेटून यावं. शेवटचा डाव तुझ्याबरोबर झाला ना बाबांचा.”

“काका फार छान खेळले,” मी म्हणाले.

“जिंकत होते?”

“हो. बराच वेळ.”

तिचा चेहरा जरा उजळला. मग तिनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

“मी एक विचारायला आलेय. भाऊ माझ्याशी बोलत नाहीय. इंजेक्शनच्या कागदावर सही मी केली ना. तो पुण्याहून येईपर्यंत थांबले नाही, थांबण्यासारखं नव्हतंच. पावणेचारला इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळी डोक्यात रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणाले, वेळेत देऊनसुद्धा शंभरात पाच-सहा जणांना होतो, इलाज नाही. पण उशिरा दिलं तर धोका फार वाढतो. मग देतच नाहीत म्हणाले ते. मग माणूस लुळा राहतो, बोलता येत नाही, पण जगतो कित्येकदा.” ती थांबली. “भाऊ म्हणतो, वेळच चुकली असेल. मला म्हणतो, तूच घाईनं काहीतरी सांगितलंस आणि बाबांना मारलंस. रात्र-रात्र तेच डोक्यात येतं माझ्या.”

बाहेर दुकानातली मोटार चाचणीला लावलेली होती, ती घुमत होती.

“मी त्याला सांगितलं, मी नाही सांगितलं, त्या मुलीनं सांगितलं, ती समोर बसली होती. तिला काय खोटं बोलायचंय?” ती पुढं सरकली. “तूच सांग मला एकदा. बरोबर होती ना वेळ? दोन वाजेपर्यंत बरे होते ना ते?”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. किती दिवसांनी मी कुणाच्या तरी तोंडाकडं बघत होते. डोळ्यांखाली काळं पडलेलं, ओठ कोरडे, आणि ती माझ्या एका शब्दावर टेकलेली. खरं सांगितलं असतं तर तिचा भाऊ तिच्याशी बोलला असता की नाही, मला ठाऊक नाही. इंजेक्शन तिच्याच सहीनं दिलेलं होतं. आणि अण्णा दारात उभे होते.

“हो,” मी म्हणाले. “घड्याळ माझ्या समोरच होतं.”

ती रडायला लागली. बापाच्या मयतालाही अशी रडली नसेल. मोकळी होत होती. आईनं तिला जवळ घेतलं. अण्णा म्हणाले, “आमची सुनेत्रा डावात असली की मिनिटाचाही हिशेब चुकत नाही.”

जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले.

“तू होतीस म्हणून निदान प्रयत्न तरी झाला,” ती म्हणाली. “खेळणं सोडू नकोस हं. त्यांना बरं वाटेल.”

मी तिला स्टँडपर्यंत सोडून आले. पुढच्या जानेवारीत मी राज्य विजेती झाले.